फक्त एक श्वास मागितला होता

...नाही, नाही, हसू नका, आधी पुरतं ऐकून घ्या! आता हे कोण म्हणतंय? मी! ज्यानं उभ्या जन्मात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तो! परवा बायको म्हणाली, "अहो, तुम्ही माझं बोलणं नेहमी मध्येच..." मी म्हटलं, "कधी तोडलं गं मी?" ती गप्प झाली. मला वाटलं, जिंकलो.

तर तुम्हाला सांगतो, मी पियानो लावतो. वाजवत नाही हं, लावतो. उतरलेले सूर जागेवर आणायचे, हा माझा धंदा. म्हणजे पोट कशावर चालतं? कानावर! पियानोत एकेका सुराला तीन-तीन तारा असतात. दोन तारांच्या मध्ये नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पाचर खुपसून त्या दोघींना गप्प बसवायचं, तिसरीचं ऐकायचं. आणि तार वाजली की लगेच हात घालायचा नाही, आवाज पार विरेपर्यंत थांबायचं, मग ठरवायचं चढलीय की उतरलीय. हे मला आतोबांनी शिकवलं, माझ्या आत्याच्या यजमानांनी. देवाघरी गेले बिचारे. "घाई करू नकोस रे, ती अजून बोलतेय," असं म्हणायचे, तारेला! आणि मी थांबतो हो. तारेसाठी दिवसभर थांबतो. माणसासाठी नाही थांबलो. किती थांबायचं होतं? एक श्वास! फक्त एक!

हे श्वासाचं काय, ते सांगतो. हा सगळा घोटाळा झाला, त्याच्या आधीच्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी उपदेश केला. त्यांचा आवाज म्हणजे अगदी साय. "बंधुभगिनींनो, राग आला, रडू आलं, फार आनंद झाला, तरी तोंड उघडण्याआधी एक श्वास घ्या. तो श्वास प्रभूच्या हाती द्या. म्हणा, प्रभू, माझ्या ओठांवर तू पहारा ठेव. आणि मग बोला. निम्मं बोलणं त्या श्वासातच विरघळून जाईल." मला इतकं पटलं, इतकं पटलं, की मी बायकोला कोपर मारलं आणि म्हटलं, "ऐकतेस ना?" बघा! उपदेश चाललाय कुणासाठी, आणि कोपर जातंय कुठं! घरी येऊन कार्डावर लिहिलं, 'एक श्वास', आणि हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलं. आतून! म्हणजे पेटी बंद असली की उपदेशही बंद.

आता शनिवार. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बिशपसाहेब येणार, म्हणून मी सकाळीच जाऊन पियानो लावला. अगदी शेवटचे दोन सूर राहिले होते आणि फोन वाजला. बायको. "येताना..." मी म्हटलं, "आणतो, आणतो!" काय आणायचं ते ऐकलंच नाही, पण आणतो म्हटलं. घाईघाईत पियानोची पुढची फळी बसवली, पेटी उचलली, निघालो.

संध्याकाळी सराव. मीही हजर, काही लागलं तर असावी म्हणून पेटीसकट. पियानोवर आमची आत्या. एकेचाळीस वर्षं वाजवतेय चर्चमध्ये. माझ्या नामकरणाला तीच, माझ्या लग्नाला तीच, आतोबांच्या अंत्यविधीलासुद्धा तीच बसली हो पियानोवर. दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही, म्हणाली, "त्यांनी लावलाय, मीच वाजवणार." समोर गाणारी बारा माणसं. पुढे शाळेतल्या बाई, मागे बेकरीवाला. त्याचा आवाज असा, की खिडक्यांच्या काचा आधी गातात, मग तो. आत्यानं गीत सुरू केलं, आणि मधला एक सूर गायब! परत सुरू केलं, परत गायब. तिसऱ्यांदा बाई वर गेल्या, बेकरीवाला खाली गेला, सगळ्यांचा चिवडा! आणि माझ्या डोळ्यांपुढे बिशपसाहेब. कपाळावर आठी घातलेले.

आत्यानं हात थांबवले. माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होती, हे मला दिसलं. पण बोलली नाही, थांबली.

आणि तेवढ्यात... तुम्हाला सांगतो, ती पेटी तिथेच होती माझ्या पायाशी! झाकण बंद! एक श्वास घेतला असता, फक्त एक... पण नाही! मी ओरडलो, बारा माणसांसमोर ओरडलो, "आत्या, अगं कान गेलेत तुझे! सूर खातेस आणि कळतही नाही तुला! पुरे कर आता, बसू दे की दुसऱ्या कुणाला!"

बेकरीवालासुद्धा गप्प! आत्यानं वही मिटली, चष्मा काढला, चष्म्याच्या घरात ठेवला, ते घर पिशवीत ठेवलं. एकेक वस्तू सावकाश. उठली आणि गेली. दारापर्यंत तिच्या चपलांचा आवाज येत होता. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "शाब्बास!" वर्गात म्हणतात ना, तसं. मी म्हटलं, "मी खोटं बोललो का? हे बघा!" आणि तो सूर दाबला. किडकिडीत आवाज. तीनांतली एकच तार बोलत होती. मी फळी काढली...

आत माझी पाचर. माझी हो! सकाळी विसरलेली. दोघींच्या मध्ये बसलीय खुशाल. ज्या कानावर माझं पोट चालतं, त्या कानाला एका तारेचा आवाज ओळखू आला नाही! का? तर मी ऐकतच नव्हतो, मी बोलत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पाचर मुठीत धरून तिथंच उभा राहिलो. बेकरीवाला जवळ आला, म्हणाला, "काय सापडलं?" मी म्हटलं, "अक्कल." हे मात्र लगेच सुचलं बघा!

घरी जाऊन फोन लावला. "आत्या, माझं चुकलं गं. पाचर माझीच होती. अगदी शंभर टक्के माझं चुकलं." इथं थांबायला हवं होतं की नाही? एक श्वास! पण जिभेला हाड असतं तर ना... "पण तूही जरा सांगायचंस ना!" फोन बंद. त्या 'पण'च्या अलीकडे श्वास घ्यायचा असतो, हे पाळकसाहेबांनी सांगितलंच नव्हतं!

रविवारी पियानो मुका. बिशपसाहेबांसमोर बारा माणसं बारा वाटांनी गायली. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, आणि एक श्वास घेतला. बोलले काहीच नाहीत. अहो, बोलले असते तर सुटलो असतो! मी मान खाली घालून प्रार्थना केली, मनापासून, हसू नका. म्हटलं, प्रभू, पहारेकरी ठेवलास ना, मग त्याला माझ्या कार्डासारखं दाराच्या आत का बसवलास!

दुपारी गेलो आत्याकडे. वाटेत ठरवलं, आज बोलायचंच नाही. दार उघडलं तिनं. मी आत जाऊन बसलो. श्वास घेतला. सोडला. परत घेतला. ती म्हणाली, "दमा झालाय का तुला?" मी पाचर काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "माझं चुकलं." आणि तोंड मिटलं. घट्ट! आत एक 'पण' उड्या मारत होता, मारू दिल्या.

आत्या पाचरीकडे बघत बसली. मग म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. एकच तार वाजत होती. ते पण दोनदा विसरले होते आत, तुझे आतोबा. मी कधी चारचौघांत बोलले नाही. कालही म्हटलं, सगळ्यांसमोर नको, पोराचा पाणउतारा होईल, जरा थांबावं, नंतर हळूच सांगावं..."

म्हणजे ती थांबली होती माझ्यासाठी! आणि तिनं घेतलेल्या त्याच एका श्वासात मी तिची अब्रू घेतली. रडलो. बोलता येत नव्हतं म्हणून नाही हो, खरंच रडलो.

"आणि ऐक," ती म्हणाली, "ते कानाचं... ते अगदीच खोटं नाही. वरच्या टोकाचे सूर मला दोन वर्षांपासून येत नाहीत ऐकू. हातांना ठाऊक आहे म्हणून वाजवते. कुणाला कळू दिलं नव्हतं." मी काय म्हणणार होतो माहितीये? "अगं, मग मशीन बसवून घे की!" जिभेच्या टोकावर होतं! पण श्वास घेतला. पहिल्यांदा. वेळेवर. आणि त्या जागेत आत्याच बोलली, "पुढच्या रविवारी येईन मी. तू शेजारी बसायचं. वर काही चुकलं तर तोंडानं नाही सांगायचं. कोपराला हात लावायचा, बस."

तर आता दर रविवारी मी आत्याशेजारी बसतो. पहिल्याच रविवारी वरचा एक सूर चुकला. मी हात उचलला, श्वास घेतला, म्हटलं लावू का नको... तोवर गीत संपलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही! आत्यानं हळूच विचारलं, "बरोबर गेलं ना रे?" मी म्हटलं, "छान." खोटं बोललो, चर्चमध्ये! पाळकसाहेबांना विचारणार आहे, श्वास घेऊन बोललेल्या खोट्याला काही सूट असते का.

घरी परतताना बायको म्हणाली, "तासभर गप्प बसलात. मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल. एक विचारू? आता तसंच, आठवड्यातून एकदा, माझ्या शेजारीही बसाल का?"

उत्तर तयार होतं हो माझं, अगदी झणझणीत! पण श्वास घेतला.

तीन आठवडे झाले. अजून तोच धरून बसलोय.