नीराची किडनी चेन्नईला पाहतायत

अठरा सप्टेंबर, बुधवार. आभाळ गच्च, पाऊस नाही, वारा नाही, नुसता घाम! आणि म्हणे हलायचं नाही. का? तर पोटात सुई घालून किडनीचा तुकडा काढलाय, वर वाळूची पिशवी ठेवलीय. अहो, पण तुकडा हिंडतोय ना! तुकडा खाली लॅबमध्ये गेला, काचेवर चढला, मायक्रोस्कोपखाली बसला, आणि त्याचे फोटो निघाले थेट चेन्नईला, कारण असले तुकडे वाचणारे आमचे बडोद्याचे डॉक्टर अमेरिकेला गेलेत, लेकीच्या बाळंतपणाला. तुकडा चेन्नईला, आणि मी? मी उताणा!

तुम्हाला सांगतो, किडनी तशी माझी नव्हेच. नीराची, म्हणजे आमच्या हिची. दोन वर्षांपूर्वी हिनं दिली. आता परवा रक्तातलं क्रिएटिनिन चढलेलं निघालं, आणि डॉक्टर म्हणाले, शरीर किडनी नाकारत असेल तर... पुढचं बोललेच नाहीत. मी समजलो. पुन्हा डायलिसिस, आणि हिनं दिलेलं सगळं मातीत! हिला कसं सांगावं? तर ही आधीच लॅबच्या दारात. "किडनी माझी आहे, मी बघणार." तिथल्या मैत्रेयीबेन म्हणतात, "मासी, बहार बेसो ने!" ही कसली बाहेर बसते! आत खुर्ची मिळवलीच. देणारीला खुर्ची, आणि घेणारा? घेणारा उताणा!

बातम्या आणायला हिचे भाऊ, धनाजीराव. फतेगंजात राहतात. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, म्हणून हे जिनासुद्धा टापा वाजवत चढतात.

"दाजी! चेन्नईच्या डॉक्टरबाई आल्या फोनवर!"

"काय म्हणाल्या?"

"थोडं डावीकडे सरकवा म्हणाल्या."

"मग?"

"सरकवलं!"

गेले खाली. परत टापा. "दाजी, मोठं करा म्हणाल्या!" अरे, मोठं करून दिसलं काय? "गुलाबी." आता गुलाबी म्हणजे चांगलं की वाईट? "विचारून येतो," म्हणाले, ते गेले ते गेलेच... मागाहून कळलं, नेट गेलं होतं. म्हणजे माझी अर्धी किडनी चेन्नईत, अर्धी वाटेत कुठंतरी लटकलेली, आणि मी? उताणा! छताकडे बघत!

मग नीरा स्वतःच वर आली. चेहरा पांढराफटक. म्हटलं, संपलं. तर म्हणते, "अहो, त्या बाई विचारतायत, पेशंट ग्रेपफ्रूट खातो का?"

छे! ऑपरेशननंतर दवाखान्यातून सोडतानाच बजावलं होतं, ग्रेपफ्रूटनं किडनी टिकवायच्या गोळीचा अंश रक्तात साठतो. आणि आम्ही कुठं असली विलायती फळं खातो? धनाजीराव दारातूनच म्हणाले, "दाजी... पपनस त्याच्याच जातीचं ना?"

तुम्हाला सांगतो, काल विसर्जन झालं. दहाही दिवस बाप्पापुढं रोज ताजं पपनस, आजोबांपासूनचा रिवाज. नैवेद्याचं फळ टाकायचं नाही, हाही रिवाज. हिचे दात आंबतात, धनाजीरावांना कडू लागतं, मग संपवणार कोण? आणि ही पलंगाच्या कडेला टेकून म्हणते, "मीच सोलून देत होते हो... माझ्याच हातानं..." मी उठून हिच्या पाठीवर हात ठेवावा, तर वाळूची पिशवी!

खाली फोन अजून चालू होता. धनाजीराव धावत जाऊन पपनस सांगून आले. जरा वेळानं मैत्रेयीबेन स्वतः जिना चढून आल्या, रिपोर्ट वाचला. नीरानं तो पुन्हा वाचायला लावला. मग डोळे पुसले, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "यापुढं माझ्या किडनीला काय खायला द्यायचं, ते मी ठरवणार."

म्हटलं, आजवर कोण ठरवत होतं?

किडनी नाकारल्याची खूण नाही. पेशींत औषध जास्त झाल्याची खूण आहे. गोळी निम्मी. सोमवारी पुन्हा रक्त. पपनस बंद.