इत्झेल माझ्या घरी आहे

नाव ओफेलिया बराहोना. वय ५८ वर्षे. धंदा मांस कारखान्यात हाडे सोडवण्याचा, सध्या मनगट गेल्याने घरीच. राहणार कॉटनवूड, नेब्रास्का, रेल्वे फाटकाजवळचे पिवळे घर. जन्म कुठला असे विचारले, म्हणून सांगते, लरेडो, टेक्सास. त्याचा या तक्रारीशी काय संबंध, ते मला कळले नाही.

मला ठाण्यात बोलावून विचारल्यावरून सांगते की, शाळेने दिलेली तक्रार खरी आहे. काल मंगळवारी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी पहिलीतली इत्झेल कानुल, वय ६, हिला मी शाळेतून घेऊन गेले. पळवून नेले असे लिहू नये. ऑफिसच्या दारातून, सगळ्यांदेखत, हात धरून नेले.

इत्झेलची आई येसेनिया माझी कोमाद्रे. मुलीच्या बाप्तिस्म्याला मीच तिला हातात धरले होते, मी तिची मद्रिना, म्हणजे धर्ममाता; तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना याच नावाने हाक मारतो. मुलीचा जन्म याच गावातला. येसेनियाकडे मात्र राहण्याचे कागद नाहीत. आमच्या गल्लीत अशा आयांनी वकिलासमोर लिहून ठेवले आहे की, आम्हाला उचलले तर मूल अमकीकडे द्यावे. माझ्या नावाने असे चार कागद आहेत. येसेनियाचा नाही. फेब्रुवारीत मी तिला म्हटले, "कोमाद्रे, सही करून टाक गं एकदाची." ती मक्याच्या पानांत तमाल बांधत होती. म्हणाली, "माझं मयत आत्ताच उरकताय का? सही केली की येतातच ते. नको ती ब्याद." मी तिला बावळट म्हटले आणि मग आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याचा मला आता राग येतो.

काल सकाळी ९ वाजता कारखान्याच्या फाटकावर इमिग्रेशनच्या गाड्या आल्या. मी १० वाजता पोहोचले. येसेनियाला बसमध्ये चढवत होते. अंगात कामाचा पांढरा कोट, पायांत रबरी बूट तसेच. हात बांधलेले, म्हणून तिने हनुवटीने शाळेकडे दाखवले. तिच्या मागे दोन बाकडी सोडून माझा नवरा फर्मिन बसला होता. त्याच्याबद्दल मला काही सांगायचे नाही.

शाळेत चार कागद दाखवले, चार मुले मिळाली. इत्झेलसाठी मी बाप्तिस्म्याचा दाखला पुढे केला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "हे इथे चालत नाही हो, ओफेलिया. बालकल्याणची माणसं दोन वाजता येतील, तोवर ती बाकावर बसेल."

मी म्हटले, "ती बसेल. गुणी आहे. मीच बसू देणार नाही."

इत्झेलने विचारले, "मद्रिना, आज सुट्टी आहे?" मी हो म्हणाले. काल दिवसभरात मी एवढेच खोटे बोलले.

मुलगी आता कुठे आहे, असे सार्जंटसाहेबांनी तीनदा विचारले. तीनदा सांगितले, माझ्या घरी आहे. काल जेवली नाही. आज सकाळी दोन वाट्या घेवडा खाल्ला. साहेब म्हणाले, "अहो बाई, कायद्याने ती सरकारच्या ताब्यात हवी." मी म्हटले, "तिची आई आहे ना सरकारच्या ताब्यात? एका घरातलं एक पुरे." गुन्हा दाखल होईल, असे त्यांनी मला समजावले. करावा. मी इथली नागरिक आहे, मला पाठवून पाठवून पाठवाल कुठे? फार तर लरेडोला.

येसेनियाला फोन करू देतील तेव्हा ती आधी मुलीचा आवाज मागेल. तिला माझाच नंबर पाठ आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून ऐकवला. शेवटी "मुलीला उद्या दुपारपर्यंत आणून हजर करीन" असे एक वाक्य निघाले. ते मी बोललेले नाही. ते माझ्यासमोर खोडले, मगच सही केली. बाकी शब्दन्‌शब्द माझा आहे.