बुधवारची पाठदुखी

हॅलो?

हां ताई, बोल. थांब, जॅकेट काढते, उकडतंय या काचेच्या डब्यात… हं, टाकलं खुर्चीवर. बोल आता.

नाही गं, कामात नाहीये. वारा सुटलाय म्हणून क्रेन थांबवलीय. केबिनमध्येच बसलेय. वाऱ्याचा काटा खाली येईपर्यंत हाताची घडी घालून बसायचं, दुसरं काय.

खाली कशाला उतरू? एवढ्या शिड्या उतरायच्या, तोवर वारा पडला की पुन्हा चढायच्या. माझे पाय काय भाड्याने आणलेत?

हो, हो… जेवले. डबा संपवला. ताई, तू डब्याचं विचारायला फोन नाही केलास. तुझा आवाज असा का येतोय? आई बरी आहे ना?

मग?

अगं, 'रागावू नकोस' काय? आधी सांग, मग ठरवते.

कोण? आमच्या साहेबांची बायको? सुपरवायझर साहेबांची? ती कुठे भेटली तुला?

हां, तुझ्या शिवणाच्या दुकानात. माप द्यायला. बरं. मग?

"बहिणीची पाठ कशी आहे आता." असं विचारलं तिनं. बरं. आणि तू काय म्हणालीस?

ताई… तू काय म्हणालीस?

"तिच्या पाठीला काय धाड भरलीय?" याच शब्दांत?

वा! वा ताई, काय दिवे लावलेस!

नाही, ऐक ना, किती वेळा घोकून घेतलं होतं मी तुझ्याकडून! बुधवारी मी लवकर कुठे जाते? पाठीच्या व्यायामाला. का जाते? क्रेनच्या खुर्चीत बसून पाठ धरली म्हणून. एवढंच तर लक्षात ठेवायचं होतं!

तोंडात टाचण्या होत्या? अगं, तोंडात टाचण्या असल्या की माणसं गप्प बसतात. तुझंच कसं चालू राहतं?

पुढे. पुढे काय झालं?

"मग बुधवारी लवकर कुठे जाते ती?" झालं. विचारलंच. आणि तू?

"असेल काहीतरी." असेल काहीतरी! म्हणजे तिच्या डोक्यात किडा सोडून दिलास आणि वर माप घेतलंस.

कधी गेली ती? आत्ताच? मग तर रस्त्यातूनच फोन लावला असेल नवऱ्याला.

ते माहितीय मला. यात लाजण्यासारखं काही नाही, मान्य. मला लाज वाटतच नाही. समुपदेशक बाईंकडे जाते, कुणाच्या घरी चोरी करायला जात नाही. तरी कंपनीचं नाव दिसू नये म्हणून जॅकेट उलटं घालून त्यांचा जिना चढते, ते काय हौस म्हणून?

'खासगी काम' सांगून बघितलं होतं. साहेब खोदून खोदून विचारायला लागले. कसलं खासगी, कोणाचं खासगी. पाठ म्हटलं की कोणी विचारत नाही. इथे सगळ्यांचीच पाठ दुखते.

अगं, मी कुठे काउंटरवर बसून शिक्के मारते? माणसांच्या डोक्यावरून लोखंड फिरवते मी. रात्री दचकून उठणाऱ्या बाईच्या हातात कोण देईल क्रेन? इथे एकदा कुणाबद्दल शंका आली की आली. पलीकडच्या क्रेनवर एक जण होता ना, त्याला नुसती चक्कर आली, तीही उपाशीपोटी. उतरवला त्याला. अजून गोदामात हेल्मेट मोजत बसलाय.

हो, चूक माझी नव्हतीच. सगळ्यांना माहितीय. सळयांचा भारा बांधलेला पट्टा आतून सडलेला होता, तो तुटला. पण भारा पडला कुठे? मामा उभे होते तिथे. एवढ्यात बुटाची नाडी बांधायला बाजूला झाले म्हणून वाचले. नाडी, ताई! त्या दिवशी नाडी सुटली नसती तर…

मामा गं! सिग्नल देतात ते, पांढऱ्या मिशांचे. किती वेळा सांगितलंय तुला. वरून मला खालचं सगळं नाही दिसत. ते भाऱ्याजवळ उभे राहून हात दाखवतात, नाहीतर वॉकी-टॉकीवर सांगतात, आणि मी त्यांच्या भरवशावर उचलते. नाव काही का असेना, अख्खी साइट त्यांना मामाच म्हणते.

नाही. त्यांना तर नाहीच सांगितलं.

कसं सांगू? तू ऐक, मध्ये बोलू नकोस. साहेबांचं एक वेळ सोड. साहेब रागावतील, ओरडतील. पण मामा रोज बिनघोर येऊन माझ्या हुकाजवळ उभे राहतात. मान वर करून हसतात. आणि मी महिनोन्‌महिने रोज रात्री झोपेत त्यांनाच मरताना बघत होते. तो भारा, त्यांचं डोकं, सगळं. हे कळलं तर ते उद्यापासून माझ्याजवळ उभे राहतील? मी असते तर नसते राहिले.

आता नाही पडत तसलं स्वप्न. म्हणजे क्वचित. आता हात लिव्हरवर गेला की घाम फुटत नाही. त्या बाईंमुळेच ना! म्हणून तर जाते. बरी होतेय म्हणून लपवावं लागतंय, काय म्हणायचं याला?

हं… बोल. काय सांगू म्हणतेस?

दात? इतके महिने दात? तोंडात मगर आहे का माझ्या?

ते तर त्याहून वाईट. "कुणाला तरी भेटायला जाते." मग 'कोण तो' यावर इथे पैजा लागतील.

नको, आता तू नवीन काही सुचवू नकोस. तुझ्या डोक्याचं आज फार काम झालंय. असं कर, तू तिला फोन कर आणि म्हण, माझी चेष्टा चालली होती, पाठ आहे, पाठ फार…

थांब.

काही नाही, मामा खालून हात हलवतायत. दोन्ही हात. 'बंद कर' म्हणून.

काय बंद करू? क्रेन बंदच आहे. हुक रिकामा आहे.

सगळेच वर बघतायत गं. सुतार, सळया बांधणारे, चहाचे पेले हातात धरून सगळे. कोणी हसत नाहीये. मामा आता कमरेच्या वॉकीवर बोट आपटतायत. वॉकी? माझी वॉकी तर इथे जॅकेटखाली…

आई गं.

…

आहे. आहे मी.

ताई, वॉकीचं बटण दाबलेलं होतं. जॅकेट टाकलं ना, त्याच्या आणि खुर्चीच्या दांडीच्या मध्ये चेपून बसलं होतं.

'म्हणजे काय' काय? म्हणजे मी बोलले ते सगळं खाली ऐकू गेलं! प्रत्येकाच्या कमरेला एक वॉकी आहे. माझं बटण दाबलेलं, म्हणून मला कुणाचा आवाज येत नव्हता. मला आपलं वाटतंय, आज काय शांतता आहे.

कुठपासून म्हणजे? तुझा फोन आला तेव्हाच तर जॅकेट काढलं मी. सगळं, ताई. टाचण्या, साहेबांची बायको, बुधवार. मामांचं मरण. सगळं.

तू रडू नकोस! तू कशाला रडतेस? तुझी चूक नाही. बरं, थोडी आहे. पण रडू नकोस.

थांब, साहेब बोलतायत वॉकीवर. ठेवू नकोस फोन. कुणीतरी असू दे कानाशी.

हो साहेब. ऐकतेय.

हो. मीच बोलत होते.

नाही साहेब, पाठ दुखत नाही. कधीच दुखत नव्हती.

हो. खोटं सांगितलं.

पट्टा तुटल्यापासून जाते. दर बुधवारी. समुपदेशक बाईंकडे.

साहेब, एक बोलू? नाहीतरी सगळे ऐकतायतच. ज्या दिवसांत हात थरथरत होता, त्या दिवसांत मी वर चढलेच नव्हते. ताप आहे म्हणून घरी बसले होते, आठवतं? तो ताप नव्हता. हात थांबला तेव्हाच चढले. आणि चढल्यापासून माझ्याकडून एक सळई इकडची तिकडे झाली असेल तर दाखवा मला.

…

खाली? आत्ता?

बरं साहेब.

ताई, आहेस? खाली ये म्हणाले. दुसऱ्याला पाठवतायत वर. झालं, संपलं. किती जपलं होतं गं मी. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि स्वतःच्या तोंडाने साऱ्या साइटला ऐकवलं.

नाही, उतरायला लागले नाहीये अजून. जॅकेट घालतेय.

थांब… मामा साहेबांकडे चाललेत.

काय बोलतायत ते कसं कळणार? वॉकीवर नाही, समोरासमोर बोलतायत. साहेब हात उडवतायत. मामा हलत नाहीत. बाकीचे मागे सरकले.

आता मामांनी कमरेची वॉकी काढली. साहेबांच्या हातात दिली.

मला काय माहीत! काम सोडतायत की काय? माझ्यामुळे? ताई, मी त्यांना तोंड कसं दाखवू?

निघाले. फाटकाकडे नाही… इकडे येतायत. सळयांच्या भाऱ्याकडे. वाकून पट्टा तपासतायत. ओढून बघितला. पुन्हा ओढून बघितला, मग हुकात अडकवला.

ताई, ते उभे राहिले गं. तिथेच. त्या दिवशी उभे होते त्याच जागी. माझ्याकडे बघतायत.

हसत नाहीयेत. नुसतं बघतायत.

वारा? हो, पडलाय. काटा खाली आलाय. मी बघितलंच नव्हतं.

थांब, साहेब आले पुन्हा वॉकीवर.

हो साहेब.

…

हो. आत्ता उतरत नाही, संध्याकाळी येते ऑफिसात. सांगते सगळं, काही लपवत नाही.

नाही साहेब, उशीर नाही करत. मामा वाट बघतायत ते दिसतंय मला.

हो. उचलते.

ताई… नाही, रडत नाहीये. बरं, रडतेय, डोळे पुसते, थांब. संध्याकाळचं काही सांगता येत नाही. कदाचित गोदामातच पाठवतील. ते संध्याकाळी बघू.

वॉकी नाहीच, मामांनी नुसता हात वर केलाय. बोट गोल फिरवतायत.

अगं, म्हणजे 'उचल'. मला म्हणतायत, उचल.

ठेव फोन, ताई. मला दोन्ही हात लागतात.