थर्मासमधलं कढण

चहा सोडणं सोपं वाटतं ना तुम्हाला? अंबडच्या कारखान्यात होतो तेव्हा दिवसाला आठ चहा व्हायचे. पित्तानं जीव नकोसा झाला, म्हणून थर्मासमधून मुगाचं कढण न्यायला लागलो. हिंग-जिऱ्याची फोडणी, गरमागरम आणि स्वस्त.

पहिल्याच दिवशी शेजारच्या मशीनवरचा शिंदे म्हणाला, "कढण? काय झालंय तुला?"

"काही नाही रे, आवडतं मला."

"कढण कुणाला आवडतं का? लपवू नकोस."

संध्याकाळी अख्खी शिफ्ट मोसंबी घेऊन मला बघायला घरी हजर! मी ओरडून सांगतोय, ठणठणीत आहे, तर शिंदे हळूच विचारतो, "वहिनी, चिडचिड कधीपासून वाढलीय?"

बायकोनं चहा आणला. मी नको म्हटलं, तर शिंदेनं डोळेच पुसले. शेवटी धडधाकट आहे हे पटवायला मला दोन कप चहा प्यावा लागला.