वळख न देणारी पोरगी

तिला कशाला हाक मारता, ती मोठ्या शाळंतली, गरिबाला वळख देती व्हय, असं माझी आत्या जनावरांच्या छावणीतल्या हौदापाशी बायांना म्हणाली. आज सकाळचीच गोष्ट. मी हौदाच्या पलीकडं सावलीला तळव्यांनी डोळे झाकून बसले होते, त्यांना वाटलं झोपले. एक जण म्हणाली, झोपंतबी तोंड झाकून घेती बगा, आपला वास येत आसंल तिला. सगळ्या हसल्या. आत्या हसली का नाही ते कळलं नाही, पण तिनं त्यांना गप्पही केलं नाही.

ताई, तुम्ही बाहेरगावच्या, आपुलकीनं विचारलं म्हणून सांगते, नाहीतर माझं बोलणं घरातही कमीच. कडा म्हणून बाजाराचं गाव आहे, त्याच्या बाजूला आमचं गाव. अण्णा, म्हणजे माझे वडील, ट्रॅक्टर चालवतात, आणि त्यांनी हट्टानं मला इंग्रजी शाळेत घातलं, आमच्या आळीतून शाळेच्या गाडीत बसणारी मी एकटीच. माझं नाव आत्यानं ठेवलं, पाळण्यापाशी कानात तिनंच सांगितलं, आणि आई आजारी पडली की माझी वेणीही तीच घालायची, ओढून ओढून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हे आधी सांगते, कारण ते माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही.

फळ्यावरचं मला पाचवी-सहावीपासूनच दिसेना. बाई म्हणायच्या वाच, मी उभी राहायची आणि गप्प. शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. डोळे बारीक केले की थोडं दिसायचं, मग ती सवयच लागली, पोरी मला मिचमिची म्हणायच्या. घरी सांगितलं नाही. अण्णा लोकांना सांगत फिरायचे, आमची पोरगी इंग्रजी फाडफाड वाचती, मग मी कुठल्या तोंडानं सांगू की फळाच दिसत नाही. आणि आईचं एक होतं, चष्म्याची पोरगी म्हटलं की पाहुणे चहा पिऊन उठतात.

पाऊस झाला नाही, विहिरी आटल्या, तेव्हा सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली आणि मला तिथं काम मिळालं. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा फोटो मोबाइलवर घ्यायचा, आकडे टाकायचे, मालकाचं नाव टाकायचं. उन्हात मोबाइल दिसतच नाही, मग ओढणी डोक्यावरून पुढं घेऊन मोबाइल नाकाला लावायचा आणि पापणीही न हलवता बघत राहायचं. संध्याकाळी कानशिलं ठणकायची, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. अंबाजोगाईला माझी मैत्रीण शिकते, तिला भेटायच्या निमित्तानं गेले आणि तिथं सरकारी दवाखान्यात डोळे दाखवले. डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, डोळे सारखे बारीक करू नकोस, मोबाइल बघताना पापण्या मिटायला विसरू नकोस, मधूनच मान वर करून लांब बघ, सावलीत बसून तळव्यांनी डोळे झाक, बुबुळं दाबू नकोस, ताण उतरेल. मग म्हणाल्या, पण लांबचं धूसर दिसतं तो ताण नाही, तो नंबर आहे, त्याला चष्माच लागेल, आजच घेऊन टाक.

काय सांगू तुम्हाला, मी त्यातलं पहिलं अर्धंच घरी आणलं. मनापासून केलं पण. काम थांबलं की डोंगराकडं बघायची, मुद्दाम पापण्या मिटायची, हौदामागं जाऊन डोळे झाकायची. आग थांबली, ठणका थांबला, रात्री झोप लागायला लागली. मला वाटलं हळूहळू नंबरही जाईल, कुणाला काही सांगावं लागणार नाही. पण माणसांची तोंडं तशीच राहिली, कणकेच्या गोळ्यासारखी, नाकडोळे न काढलेली.

आमच्याकडं वाटेत मोठं माणूस भेटलं की लहानानं आधी बोलायचं. कुठं निघालाव, एवढं तरी विचारायचं. मला लांबून कळायचंच नाही कोण आहे, आणि जवळ येईपर्यंत मी लाजून खाली बघायची. लोक म्हणायला लागले, लई शिकली, मान वर करीत न्हाई. मी म्हटलं म्हणू देत. गर्विष्ठ म्हटलेलं चाललं मला, आंधळी म्हटलेलं नको होतं. हे सांगताना आताही लाज वाटते.

आत्याच्या दोन म्हशी छावणीत आहेत. एक दिवस ती चार बायांबरोबर वाटेनं आली, डोक्यावर चाऱ्याची पेंढी, दातात पदराचं टोक, म्हणून बोलता येईना, तर तिनं नुसता हात वर केला. हे मला मागून कळलं. मला दिसलं ते एवढंच, की कुणीतरी बाई थांबली आहे. मी डोळे बारीक करून नीट बघितलं, ओळख पटेना, आणि तशीच पुढं गेले. चार बायांदेखत. तिला वाटलं, पोरीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तोंड फिरवलं.

मग तिच्या नातीचं बारसं झालं. घरोघर आवतन गेलं, आमचं दार सोडून. सख्ख्या भावाचं दार. अण्णा दिवसभर अंगणात बसून होते, घरात आलेच नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, का म्हून बोलली न्हाईस गं तिच्याशी, काय केलतं तिनं तुजं? तुला शिकवून चुकलं का माजं? सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण मला वाटलं, आवतनावरून एकदा झालं, आता माझ्या डोळ्यांपायी अण्णांना दुसऱ्यांदा खाली बघावं लागेल.

तर आज सकाळी हौदापाशी ते ऐकलं आणि डोळ्यांवरचे हात काढले. उठले. मी आवाजाच्या अंदाजानं चालत गेले, आणि अगदी हातभर अंतरावर गेले तेव्हा कुठं तिच्या कपाळावरचं गोंदण दिसलं. आत्या म्हणाली, काय बाई, आज कशी काय वाट वाकडी केलीस? मला वाटलं हळूच कानात सांगावं. पण आवाज निघाला तो एवढा मोठा, की हौदावरच्या सगळ्या बायांनी ऐकला. मी म्हणाले, आत्या, मला दिसत न्हाई गं. लई वर्षं झाली. त्या दिवशी तू होतीस, मला दिसलंच न्हाई.