वाघमाऱ्याचा खांदा

— नाय नाय, डॉक्टरसाहेब, त्यांना विचारू नका, मला विचारा. त्यांना बोलवत नाय. मोठा श्वास घेतला की खांद्यात कळ येते, आणि मोठा श्वास घेतल्याशिवाय आमच्या ह्यांचं एक वाक्य सुरू होत नाय! लग्न झाल्यापासून मी ह्यांना पयल्यांदा गप्प बघतेय. शेजारीण काळजीनं विचारून गेली, घरात कुणी आजारी हाय का म्हणून. तर इथल्या, केळव्याशेजारच्या माहीमचे वाघमारे म्हणतात ते हेच. आडनाव नाय ओ, आडनाव वेगळं — गेल्या आठवड्यापासून लोकच म्हणायला लागले. आमच्या पानवेलीच्या वाडीत वाघ शिरला होता ना, तो ह्यांनी मारला. बिबट्या म्हणा तुमी, तुमी शिकलेले, आमच्याकडे तो वाघच. पंचायतीनं हार घातला. हार घालतानाच हे ओरडले, तेव्हा मला कळलं खांद्याला काय तरी झालंय. लोकांना वाटलं डरकाळी फोडून दाखवली — टाळ्या वाजवल्या!

मग काय, सातपाटीच्या चिंधूकडे नेलं. तो हाडं बसवतो — होडीवर पडलेले, दोर ओढताना खांदा निखळलेले, सगळे त्याच्याकडेच जातात. त्यानं बघितलंसुद्धा नाय नीट, म्हणाला खांदा उतरलाय. काखेत पाय रोवला नि हात असा खेचला, असा खेचला — अहो, उतरलेलाच नव्हता तर बसणार कुठनं? तुमी हसू नका, तुमचासुद्धा पयला फोटो कोराच आला की! समोरून काढलात, म्हणालात, हाड बिड सगळं ठीक दिसतंय. हे तर दुखरा हात धरून माझ्याकडे बघायला लागले, मी सोंग करतो म्हणतेस की काय अशा नजरेनं. मग तुमी ते बोट दाबलंत — गळ्याच्या हाडाच्या खाली, खांद्याच्या पुढच्या अंगाला — आणि हे टेबलावरून उडाले. कोपर दुमडा म्हणालात नि मनगट धरून ठेवलंत, तेव्हा पण तिथंच कळ. मग म्हणालात, हात बाजूला करा, काखेकडून फोटो काढू. आता काखेतून कुणी फोटो काढतं का? पण निघाला ओ त्यातनं! काय म्हणालात त्या हाडाला — कावळ्याच्या चोचीसारखं? बोटाच्या पेराएवढं हाड, नि केवढी मिजास त्याची! दंडाचा स्नायू पण त्यालाच चिकटलेला, छातीचा पण त्यालाच, म्हणून कोपर दुमडलं तरी दुखणार नि श्वास घेतला तरी दुखणार.

काय? कसं लागलं? सांगते ना. वाघानं झेप घेतली, हे बाजूला झाले, झाडावर आपटले — नाय? झाडावर आपटून एवढंसंच हाड नाय मोडत? बरं मग — बंदुकीचा धक्का बसला. हां, तेच! ठासणीची बंदूक हाय आमची, सासऱ्यांच्या वेळची, डुकरं हाकायला लायसन हाय तिला. आमच्याकडे कामाला सुका हाय, त्यानं दारू ठासून दिली, ह्यांना वाटलं त्यानं कमी ठासली, म्हणून ह्यांनी वरून आणखी एकदा ठासली. घरात भाजीत मीठ पण ते असंच घालतात. बार असा झाला की नारळावरचे कावळे केळव्याला जाऊन बसले!

बंदुकीचा दस्ता कुठं टेकवला होता? खांद्यालाच की. खोबणीत? आता खोबण कुठली नि काय, ते मला काय ठाऊक — हां, पुढं, आत, तिथंच टेकवला होता, काळंनिळं झालंय ते बघा. सराईत माणूस तिथं टेकवत नाय? नळी खाली झुकलेली असली नि माणूस पुढं वाकलेला असला की दस्ता तिथं सरकतो? ...मग बरोबर की! माचाणावर बसले होते. वरून खाली मारायचं म्हणजे वाकावं लागणारच. पानवेलीच्या वाडीत माचाण कसलं? — तेच म्हणते मी, माचाण कसलं, कठडा होता तो. विहिरीचा कठडा. कठड्यावर वाकले, नळी आत धरली नि —

देवा.

दार लावा ते. कंपाउंडर कुठं गेला? बरं. — आता ऐकलंतच तर पुरतं ऐका. वाघ रात्री विहिरीत पडला नि बुडाला. सकाळी तरंगत होता, पोट फुगलेलं. सुका म्हणाला, शेठ, दोर टाकून काढतो. हे म्हणाले, थांब. गोळीचं भोक नको का? बिनभोकाचा वाघ दाखवला तर लोक म्हणतील मारला कुठं, सापडला! म्हणून मेलेल्याला मारला. आयुष्यातला पयला बार, तोही मढ्यावर, नि हाड मोडलं कुणाचं? लोकांनी विचारलं, शेठ, वाघ ओला कसा? हे म्हणाले, मला बघून घाम फुटला त्याला. आणि लोकांना पटलं ओ!

मी पण गप्प बसले असते, तमाशा बघितला असता. पण मधे आमची लेक हंसा हाय. चिंचणीचं स्थळ आलंय तिला — मुलगा तारापूरला ते अणूचं बांधकाम चाललंय ना, तिथं सुपरवायझर. चांगला, शांत मुलगा. हंसानं त्याला बघितलाय, तिच्या मनात भरलाय, दोन दिवस नुसती गुणगुणतेय. पण त्याचा बाप! पलटणीतला रिटायर जमादार. चहा पिताना सांगत होते, मी अमुक डोंगरावर तमुक गोळ्या झाडल्या. म्हणाले, वाघमाऱ्याची लेक घरात आणायला आमाला अभिमान वाटेल — रविवारी येतो, बंदूक बघतो, धरायची कशी ते आमचे व्याही दाखवतील. आता हे काय दाखवणार, कपाळ? दस्ता चुकीच्या जागी लावला की त्या माणसाला एका नजरेत कळणार. खोटारड्याची पोर नको म्हणून उठून गेले तर माझ्या हंसानं तोंड कुठं लपवायचं? मला तिच्यासाठी रात्र रात्र झोप नाय, डॉक्टरसाहेब. म्हणून म्हणते, एखादं जोरकस इंजेक्शन द्या, रविवारपर्यंत हात उठू दे. नाय? प्लास्टर तरी? ते पण नाय? नुसती झोळी? हाड जागचं हललेलं नाय म्हणून कापायचं नाय, मालिश नाय, वजन नाय, महिनाभर गळ्यात हात नि मग हळूहळू व्यायाम — एवढं मोठं मशीन आणलंत पालघरात नि औषध काय, तर फडकं!

काय म्हणालात? असा आणखी एक खांदा आला होता? हेच हाड? गेल्या दसऱ्याला, शस्त्रपूजेला शेजाऱ्याची बंदूक घेऊन बार काढायला गेला — तो पण पलटणीतला? पलटणीतला माणूस नि दस्ता चुकला? ...आयुष्यात पयल्यांदा झाडली? मग पलटणीत काय करत होता? पीठ मळत होता!

मिशा होत्या का ओ त्याला? कल्ल्यापर्यंत, मेण लावलेल्या? — नाव नका सांगू. नाव नकोच मला. तोच असेल तर नुसतं तिकडं बघा, खिडकीकडे. झालं, कळलं. अगो बाई! तरीच चहा घेताना बशी डाव्या हातानं उचलली, नि वर म्हणतो, लढाईतली सवय!

उठा हो, वाघमारे. हसू नका, कळ येईल. डॉक्टरसाहेब, झोळी बांधा, चांगली पांढरी, लांबून दिसेल अशी. रविवारी खुशाल येऊ देत जमादार. बंदूक पाटावर दोघांच्या मधे ठेवते, हळदकुंकू लावून — बघते, पयला हात कोण लावतो.