गंगाबाईचा चौक

नाही, तुमच्यातल्याच कोणीतरी पसरवलंय हे. नाव विचारत नाही, पण मांडवात बसून कोणीतरी पहिल्यांदा म्हणालंच असेल ना, 'गंगाबायचा हात बघ, टाकून आलेली दिसते'... अहो, हात थरथरला म्हणजे दारूच का? तुम्हाला सांगतो, माझी आई नेरे गावची धवलारीण, लग्नाची गाणी तीच म्हणणार, मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक तीच भरणार, आणि खोकल्याचं औषधसुद्धा वास आला तर नको म्हणणारी बाई. पण रेघ वाकडी झाली आणि पुढच्या मांडवातून निरोप, 'तू नुसती गा, चौक दुसरी भरंल.' आईचं घरात गुणगुणणं थांबलं.

म्हटलं, चल पनवेलला, मेंदूच्या डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, हात मांडीवर ठेवा. ठेवला, एकदम गप्प. आता पेला उचला. उचलला, पाणी टेबलावर. कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं गोल गोल काढा... काढलं, पण गोगलगाय भूकंपात सापडलेली. मग विचारतात काय, "घोटभर दारू घेतल्यावर थरथर कमी होते का?" झालं! हात थरथरला म्हणजे दारूच का? आई पदर खोचून उभी, "चल रे हितेश, हा पन आपल्या गावचाच निघाला."

डॉक्टरांनी पुढे विचारलं, "घरात आणखी कोणाचा हात थरथरायचा?"

"बापाचा. पन पिऊन आला का हात सरल. तवाच आमाला कलायचा, आज प्यायलाय."

"बाई, मी हेच विचारत होतो," डॉक्टर म्हणाले. इसेन्शियल ट्रेमर. घराण्यातून येतो, हात कामाला लागला की थरथरतो, घोटभर दारूनं तेवढ्यापुरता थांबतो. थायरॉईड तपासला, दमा नाही ना विचारलं आणि छोटी गोळी सुरू केली. जाणार नाही, कमी होईल.

मग मी गावभर दारोदार समजावत फिरलो, मेंदू, नसा, आनुवंशिकता... लोक चहा पाजायचे, 'हा, हा' म्हणायचे. शेवटी चुलतबहीण कोमलच्या लग्नात तिच्या आईशी, चंद्रावतीकाकीशी भांडलो, चौक आईच भरणार. आई बसली, चिमटीतून पीठ सोडलं, रेघ सुतासारखी. आणि ती गायला लागली. मी छाती फुगवून सगळ्यांकडे बघतोय, आता तरी कळलं ना, हात थरथरला म्हणजे दारूच का... तेवढ्यात शेजारची कुमुदमावशी माझ्या कानाशी वाकली.

"सोडली वाटतं रे तिनं. बरा झाला."